राखीव खेळाडू

फुटबॉलच्या घरात जन्मलेल्या मुलाची वाट सोपी असते, असे आपण धरून चालतो. सय्यद शाहिद हकीम यांची हकीकत कळली की हा समज टिकत नाही.

त्यांचे वालिद सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. पेशाने शाळामास्तर. पुढे ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, तोही त्यांच्याच हाताखाली. अजय देवगणचा ‘मैदान’ हा सिनेमा या रहीम साहेबांवरच आहे.

हकीम मधल्या फळीत खेळत. १९६० च्या रोम ऑलिम्पिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. प्रशिक्षक अब्बाच होते. हंगेरी, फ्रान्स आणि पेरूविरुद्ध भारत तीन सामने खेळला. तिन्ही सामने मुलाने बाहेर बसून पाहिले. १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या संघात तर त्यांचे नावच नव्हते. त्या संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले. पुढच्याच वर्षी रहीम साहेब कर्करोगाने गेले. अब्बांच्या हाताखाली ऑलिम्पिक किंवा एशियाडचा एकही सामना मुलाला खेळायला मिळाला नाही.

पण हकीम यांनी मैदान सोडले नाही. ते हवाई दलात होते, स्क्वाड्रन लीडरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि सेनादलाच्या संघातून खेळले. मग फिफाचे रेफरी झाले. १९८८ मध्ये कतारला झालेल्या आशिया कपमध्ये त्यांनी पंच म्हणून काम केले. त्याआधी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ते पी. के. बॅनर्जी यांचे सहायक प्रशिक्षक होते. १९९८ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईच्या महिंद्रा संघाने ईस्ट बंगालला हरवून ड्युरंड कप जिंकला. २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २२ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, गुलबर्ग्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या वर्धा जिल्ह्यातही शालेय स्पर्धांचे संघ निवडले जातात. अकरा जण खूश होतात, बाकीची पोरे मान खाली घालून घरी येतात. काही घरांत त्याच रात्री ठरते, “उद्यापासून मैदान बंद, ट्यूशन लावा.” काही पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात आणि कोणाची तरी ओळख सांगतात. रहीम साहेबांच्या संघात ओळखच काय, रक्ताचे नातेही चालले नाही. नावाचा मोठा आधार असूनही हकीम यांना आपली जागा वर्षानुवर्षे राबून मिळवावी लागली.

मैदानाला अकरा खेळाडूंखेरीज रेफरी लागतो, शिकवणारा लागतो, संघ बांधणारा लागतो. कोणता मुलगा पुढे काय होईल, हे चौदाव्या वर्षीच्या एका यादीवरून ठरत नाही. अभ्यास हवाच, पण त्यासाठी खेळ तोडायची गरज नाही.

म्हणून यादी लागेल त्या संध्याकाळी निवड का झाली नाही, हे मुलाला विचारू नका. एवढेच विचारा, “बेटा, उद्या सकाळी सरावाला किती वाजता उठवू?”