नॉट रीचेबल!

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचे एकापाठोपाठ अकरा स्क्रीनशॉट आले. बाईसाहेब पहिल्यांदाच युरोपला निघाल्यात. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. दहा दिवस. व्हिसा झाला, जाकीट झालं, चिवड्याची पाकिटं झाली आणि आता गाडी अडलीये ती सिमकार्डावर. ‘पाच जीबी घेऊ की दहा? आपल्याच नंबरवर पॅक मारू की तिकडचं सिम घेऊ? लवकर सांग ना गं!’

मी जीबीबद्दल काही बोललेच नाही. उलट तिलाच विचारलं, ‘तू तिकडे असताना आई तुला कुठे फोन करणार?’

‘व्हॉट्सअ‍ॅपवर करेल की!’

अगदी हेच उत्तर मीही दिलं होतं. २०२३च्या मे महिन्यात, ह्याच रूटवर निघताना.

तेव्हा माझ्याकडे जुना, एकाच सिमचा फोन होता. भारतातल्या नंबरवर रोमिंगचं पॅक घ्यायचं तर खिशाला चांगलीच चाट बसत होती. फ्रीलान्सरचा खिसा तो, त्याला महिन्याची एक तारीख ठाऊकच नसते. म्हटलं, कशाला? पॅरिसला उतरून तिकडचं प्रीपेड सिम घेऊ. घेतलंही. डेटा भरपूर, स्पीड झकास. आपलं सिम काढलं, टिश्यूत गुंडाळलं आणि फोनच्या कव्हरमागे सरकवलं. जाम स्मार्ट वाटलं स्वतःबद्दल.

चार दिवस मस्त गेले. मग झुरिकची ट्रेन पकडली. बासेल आलं आणि इंटरनेट गेलं. म्हटलं, डोंगराळ भाग आहे, येईल. नाही आलं. ल्युसर्नला पोचले, सामान लॉकरमध्ये टाकलं, लाकडी पुलावर फोटो काढले, तळ्याकाठी बसून आइस्क्रीम खाल्लं. एका ठिकाणी फुकटचं वायफाय दिसलं, तर ते म्हणे मोबाइल नंबर द्या, कोड पाठवतो. म्हटलं राहू दे, जरा डिजिटल डिटॉक्स!

रात्री आठला हॉटेलचं वायफाय लागलं आणि फोन हातातल्या हातात थरथरायला लागला. आईचे चौदा मिस्ड कॉल. चुलतभावाचे सहा. आणि आईचा एक व्हॉइस मेसेज, ‘अगं, बाबांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय. तू कुठेयस?’

पुण्यात तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाबा आयसीयूत होते, सकाळी अँजिओप्लास्टी ठरली होती. दवाखान्याला डिपॉझिट हवं होतं. पैसे माझ्या खात्यात होते, पण नेटबँकिंगचा ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर आणि तो नंबर टिश्यूत! सिमचा ट्रे उघडायची पिन घरी राहिलेली. शेवटी कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडला, सिम घातलं. नो सर्व्हिस. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. कंपनीच्या अ‍ॅपवरून सुरू करू म्हटलं, तर लॉगिनला ओटीपी हवा. तो कुठे येणार? त्याच सिमवर. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप!

पैसे चुलतभावाने भरले. बाबा आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी तळजाईवर फिरायला जातात आणि हा किस्सा येईल त्याला चहाबरोबर ऐकवतात. पण ती संध्याकाळ मी नॉट रीचेबल होते आणि तेही हौसेने, पैसे वाचवून!

तर मंडळी, घोटाळा काय झाला होता? युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७पासून एक छान नियम आहे. एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा रोमिंग चार्ज न लावता चालतं. आइसलँड, नॉर्वे आणि लिश्टेनश्टाइनही त्यात येतात. २०२२मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. म्हणजे फ्रान्सचं सिम इटलीत आरामात चालतं, फक्त डेटावर वाजवी वापराची मर्यादा असू शकते. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. २००८पासून ते शेंगेनमध्ये आहे, म्हणून आपला व्हिसा तिथे चालतो. व्हिसा चालतो म्हणजे सिमही चालणार, असं मी धरून चालले. ब्रिटनचंही तसंच. ब्रेक्झिटनंतर हा नियम त्यांना लागू नाही. काही कंपन्या स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आपल्या पॅकमध्ये आपणहून देतात, काही देत नाहीत. माझी देत नव्हती. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘युरोप’ लिहिलेलं होतं, मी बारीक अक्षरं वाचलीच नाहीत.

आता मैत्रिणीला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. रस्ते तीन आहेत.

पहिला, आपल्याच नंबरवर रोमिंग पॅक. महाग, पण बिनडोक्याचं काम. नंबर तोच, ओटीपी येतो, आईला काही नवीन शिकवावं लागत नाही. मात्र देशांची यादी नीट पाहा. पॅकमध्ये नसलेल्या देशात पाऊल टाकलंत, की साधे दर लागतात आणि ते वाचून घाम फुटतो. परदेशात इनकमिंग कॉललाही पैसे पडतात किंवा पॅकमधली मिनिटं जातात, हे विसरू नका. आणि ‘एक दिवस’ म्हणजे चोवीस तास की रात्री बारापर्यंत, तेही विचारून घ्या.

दुसरा, तिथलं लोकल प्रीपेड सिम. बहुधा स्वस्त आणि लोकल नंबर मिळतो. टॅक्सीवाल्याने, हॉटेलवाल्याने फोन करायचा असेल तर फार सोयीचा. अनेक देशांत पासपोर्ट दाखवावा लागतो. एअरपोर्टवरच्या काउंटरपेक्षा शहरातल्या दुकानात दर कमी असू शकतो, पण रात्री दोनला उतरणार असाल तर हा शहाणपणा करू नका. एकाच देशात जास्त दिवस राहणार असाल, तर हा रस्ता बेस्ट.

तिसरा, ट्रॅव्हल ई-सिम. घरी सोफ्यावर बसून विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, काम फत्ते. फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआयच्या जोडीला ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला, तर फोन ई-सिमवाला. फोन कुठल्या कंपनीशी लॉक केलेला नसावा, एवढी अट. पण ह्यातली बरीच सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबरच नसतो. शिवाय क्यूआर कोड ज्या फोनवर आलाय, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन कसा करणार? प्रिंट काढून ठेवा किंवा दुसऱ्याच्या फोनवर पाठवा. एकदा टाकलेलं ई-सिम चुकून डिलीट केलंत, तर तोच कोड पुन्हा चालेलच असं नाही.

माझा फंडा आता ह्या तिन्हींच्या मधला आहे. दोन सिमचा फोन. भारतातलं सिम आतच ठेवायचं. निघण्याआधी, घरी असतानाच त्यावर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि व्हॅलिडिटी परतीच्या तारखेपुढे आहे ना, ते बघायचं. मग त्या सिमचं डेटा रोमिंग बंद. डेटा चालेल तो लोकल सिमवर किंवा ई-सिमवर. सेटिंगमध्ये एक सिम अडलं की आपोआप दुसऱ्याचा डेटा वापरण्याची सोय असते, तीही बंद करायची, नाहीतर गुपचूप बॅलन्स उडतो. रोमिंगमध्ये येणारे एसेमेस सहसा फुकट असतात, त्यामुळे ओटीपीची सोय होते. आईचा फोन वाजला तर दिसतो. उचलायचा नाही, कापून व्हॉट्सअ‍ॅपवर उलटा लावायचा. आणि नेट नसेल तर सरळ उचलायचा. गेले पैसे तर गेले!

प्रीपेडचा एक फायदा तेवढा मान्य करायला हवा. बुडाला तर बॅलन्सच बुडतो. घरी परतल्यावर पाच आकडी बिल वाट बघत बसलेलं नसतं.

देशागणिक थोडं डोकंही लढवा. दुबईला निघालात? तिथे लोकल नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण कॉल ब्लॉक असतात. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर उगाच जीव टांगणीला. चीनमध्ये तर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद. तिथे लोकल सिमपेक्षा आपल्या नंबरचं रोमिंग कामाला येतं, कारण रोमिंगचा डेटा साधारणपणे आपल्या घरच्या नेटवर्कमार्गे फिरून येतो. क्रूझवर आणि विमानात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा. बोटीचं आणि विमानाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं गेलं, तर तुमचं साधं पॅक तिथे बहुधा चालतच नाही.

आणि जीबी? नकाशे आणि चॅटिंगला फारसे लागत नाहीत. खातात ते रील्स, व्हिडिओ कॉल आणि फोटोंचा बॅकअप. बॅकअप हॉटेलच्या वायफायवर टाका, नकाशे घरूनच डाउनलोड करून न्या. ‘अनलिमिटेड’ शब्दाला भुलू नका. बऱ्याच प्लॅनमध्ये ठरावीक डेटा संपला की स्पीड इतका उतरतो, की एक फोटो जाईपर्यंत कॉफी गार होते.

शेवटचं काम मोबाइलचं नाही, कागदाचं आहे. हॉटेलांची नावं, तिथले फोन नंबर, तारखा, एवढं एका चिठ्ठीवर लिहून घरच्या फ्रिजवर चिकटवा. त्या दिवशी आईकडे ल्युसर्नच्या हॉटेलचा नंबर असता, तर रिसेप्शनवर निदान निरोप तरी ठेवता आला असता.

मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं. रात्री तिचा बारावा स्क्रीनशॉट आला. बघते तर स्क्रीनशॉट नाही, फोटो होता. फ्रिजवर चिठ्ठी, वर चुंबकाचा गणपती आणि खाली तिच्या आईच्या अक्षरात एक जादा ओळ, ‘रोज रात्री जेवलीस का ते कळव.’

त्याला किती जीबी लागतात, ते तिने विचारलं नाही!