सामायिक फळा

आंतरजालावरील सामायिक फळ्यावर अनेक विद्यार्थी एकाच वेळी गणित सोडवू शकतात. त्यामुळे नक्कल बोकाळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नव्हे. एका हुशार मुलाने उत्तर लिहिले की इतरांची लेखणी थांबते, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. तथापि दोष साधनाचा नसून योजनेचा आहे.

(अ + ब)² म्हणजे अ² + ब², असे कोणी लिहिले तर ते पुसू नये. अ = ३, ब = ४ घेतल्यास एकीकडे ४९, दुसरीकडे २५ येतात. उरलेले २४ कोठे गेले? जिओजेब्रावर ७ बाजूचा चौरस काढून विभागला, की ३ × ४ चे दोन आयत दृष्टीस पडतात. एकाच्या चुकीने सारा वर्ग शहाणा होतो.

२००९ साली टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने अनेक गणितज्ञांनी आंतरजालावर आपल्या अर्ध्याकच्च्या कल्पनाही उघडपणे मांडून एका कठीण सिद्धांताची नवी सिद्धता शोधली.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पहिली दहा मिनिटे स्वतःच्या वहीत झगडा. मगच फळ्यावर या आणि उत्तराआधी आपली अडचण निःसंकोचपणे मांडा.