तुकडी मोजलेली, भात मोकळा

शितावरून | साप्ताहिक सदर

मांडव्याला बोटीतून उतरा आणि अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद करत मुरूडपर्यंत जा. रस्ताभर एक फलक सोबतीला असतो : अनलिमिटेड सुरमई थाळी, अनलिमिटेड पापलेट थाळी, क्वचित अनलिमिटेड सी-फूड. मार्च 2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, मुंबईकर गाडीसकट बोटीतून उतरू लागला, आणि आता शनिवार-रविवारी या फलकांखाली गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. आत बसल्यावर कळतं की सुरमईची तुकडी एकच आहे. अनलिमिटेड आहे तो भात, भाकरी, रस्सा आणि फार तर सोलकढी. पर्यटक चिडतो, ‘फसवलं’ म्हणतो आणि रागारागाने चौथ्यांदा भात मागवतो.

माझं मत त्याच्या उलट आहे. तुकडी मोजून देणारा फसवत नाही. फसवणूक असलीच तर ती फलकावर तुकडीचा आकडा न लिहिण्यात आहे. आणि खरी भीती वाटावी ती मासासुद्धा हवा तेवढा देतो म्हणणाऱ्याची.

एकदा पैसे भरा आणि पोटभर खा, हा धंदा जगात कुठेही एकाच हिशेबावर चालतो : महाग पदार्थाला हात आखडता, स्वस्ताला सैल. 1958 साली जपानमध्ये दोन गोष्टी घडल्या. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने ठरावीक दरात हवं तेवढं वाढून घेण्याचं ‘वायकिंग’ रेस्तराँ उघडलं, आणि ओसाकाच्या बाजूला योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बश्या गिऱ्हाइकापुढून नेणारं दुकान काढलं. एकीकडे पैसे माणशी, दुसरीकडे बश्या मोजून. पुढे अमेरिका-कॅनडात सुशीच अनलिमिटेड झाली. टोरांटोला राहणाऱ्या तुमच्या भाच्याला विचारा. नुसत्या माशाचे काप, म्हणजे साशिमी, बऱ्याच ठिकाणी मोजून किंवा रात्रीच्या चढ्या दरातच मिळतात. भातावर बसवलेला मासा मात्र मागाल तेवढा. आणि वरचा मासा खाऊन भात ताटात टाकलात, तर बिलात दंड. पोट तिथेही भातानेच भरतं. गंमत म्हणजे सुशीच्या मूळ प्रकारात मासा टिकावा म्हणून तो महिनोन्महिने भातात आंबवत, आणि खाताना भात टाकून देत. आता त्याच भातावर दुकान चालतं.

आपल्याकडे हा हिशेब पहिल्यापासून उघडा होता. रायगडची किनारपट्टी एका बाजूला दर्याची, दुसऱ्या बाजूला भातखाचरांची. आगरी-कोळी घरात पंगतीला भात कधी कुणी मोजला नाही आणि तुकडी कधी न मोजता वाढली नाही. घरगुती खानावळीतली काकी आजही सरळ सांगते, “भात पायजे तवरा घ्या दादा, म्हावरा मोजून आनलाय.” एवढं स्पष्ट कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

म्हणून या थाळ्यांची तुलना करायची तर तुकडीवरून करू नये. जे मोजलेलं नाही त्यावरून करावी. पहिल्या वेळचा रस्सा सगळीकडेच बरा असतो. दुसऱ्यांदा मागवा. वाटीत आलेला रस्सा पहिल्यासारखाच दाट असेल, खोबरं-मसाल्याचं वाटण तळाला बसत असेल, तर मालक अनलिमिटेडचा अर्थ जाणतो. तेल वर आणि लाल पाणी खाली असेल, तर मधल्या वेळात पातेल्यात तांब्या रिकामा झालेला आहे. सोलकढीचंही तेच. ताज्या नारळाच्या दुधाची कढी जिभेला किंचित रवाळ लागते, रंगाने फिकी असते आणि थोडा वेळ ठेवली तर फुटते. भडक गुलाबी, एकसारखी गुळगुळीत कढी पाकिटातून आलेली असण्याचीच शक्यता जास्त.

वाढण्याचा क्रमही बघा. गर्दीच्या हॉटेलात पापड, रस्सा आणि भाकरी लगेच येते. मासा ‘तव्यावर आहे’. दोन भाकऱ्या पोटात गेल्या की मग सुरमई येते, रव्याचा जाड अंगरखा घालून. काट्याने रवा बाजूला करा. आतली तुकडी बोटभर जाडीची असेल तर रवा कुरकुरीतपणासाठी होता. नसेल तर कशासाठी होता हे सांगायला नको. तुकडी पोटाकडची की शेपटीकडची, हेही मधल्या काट्यावरून आणि तिच्या घेरावरून लगेच कळतं.

या कसोटीवर किनाऱ्याचे ढोबळ तीन भाग पडतात. अलिबाग, नागाव, काशीद या शनिवार-रविवारच्या पट्ट्यात फलक मोठे, मेनूत चायनीज आणि पंजाबीही, आणि रस्सा गर्दीप्रमाणे पातळ होत जाणारा. अपवाद आहेत, आणि ते गर्दी नसलेल्या मंगळवारी शोधावेत. चौल-रेवदंड्याच्या आतल्या आळ्यांपासून कोर्लई, मुरूड, राजपुरीपर्यंत घरगुती खानावळी. तिथे सकाळी फोन करावा लागतो, किती माणसं आणि कुठला मासा हे सांगावं लागतं, आणि ‘आज सुरमई नाय, बोंबील हाय’ हे उत्तर ऐकून घ्यावं लागतं. माझं पहिलं मत यांना. तिसरा भाग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथल्या शाकाहारी खानावळींतही कायदा तोच आहे : आमटी-भात हवा तेवढा, उकडीचे मोदक नगावर. मोदक मोजून दिले म्हणून तिथे कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही. मग सुरमईवरूनच का भांडायचं?

कारण मासा समुद्रात फुकट आणि अमाप असतो, असा शहरी समज आहे. तो खरा नाही. डोलीच्या जाळ्याचं काम भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ जोरात असते, भांगाच्या दिवसांत मंदावते आणि बोंबील-जवळा कमी येतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तरी जुलैतल्या पावसाळी सहलीला फलकावर सुरमई आहेच. ती बर्फातली असते, किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली असते; तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जूनची, म्हणजे आपल्या आधी उठते. तसा मासा विकण्यात गैर काही नाही, पण ‘ताजी सुरमई’ लिहिणं गैर आहे. पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील आणि खाडीतली चिंबोरी खावी, हे शहाणपण किनाऱ्याला कुणी शिकवायला नको.

आता मासा खरोखरच अमर्याद द्यायचा झाला, तर हॉटेलवाल्याकडे दोनच वाटा. एक म्हणजे गोड्या पाण्यात वाढवलेला बासा. बिनकाट्याचा, बिनवासाचा, मसाल्यात कुठलंही नाव घेऊन खपणारा. दुसरी वाट त्याहून वाईट : पिल्लं. 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही राज्याने ठरवून दिला. तरी ताटात तळहाताएवढंही नसलेलं अख्खं पापलेट येतं आणि आपण ‘पूर्ण मासा मिळाला’ म्हणून खूश होतो. एकदाही अंडी न घातलेला मासा आपल्या पैसा वसूल करण्याच्या हट्टापायी तव्यावर गेलेला असतो. रायगडची खरी मिरास असलेला खारजमिनीतल्या तळ्यांचा जिताडा मात्र अनलिमिटेड फलकावर कधी दिसला नाही. तो जावयाला आणि मानाच्या पाहुण्याला राखून ठेवलेला असतो. चांगली गोष्ट सरसकट वाटायची नसते, हे घरधन्याला पक्कं ठाऊक आहे.

हॉटेलवाल्यांना माझी एकच सूचना आहे. फलकावर लिहा : ‘सुरमई दोन तुकड्या, भात-भाकरी-रस्सा हवा तेवढा’, आणि खडूने त्या दिवशीचा मासा. गिऱ्हाईक कमी होणार नाही, बिलाच्या वेळची वादावादी तेवढी कमी होईल. खाणाऱ्यांनी बसण्याआधी वाढप्याला एवढंच विचारावं : दुसऱ्यांदा काय मिळणार नाही? ज्याचं उत्तर चटकन येईल, तिथे बसा. ‘सगळं मिळेल साहेब’ असं ऐकू आलं, तर पुढच्या गावापर्यंत भूक धरून ठेवा.

— पानवाढ्या