फोटोत नसलेल्या बाया

१३ सप्टेंबर १९९३चा तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे यासर अराफत हात मिळवताहेत, मध्ये क्लिंटन. पुढच्या वर्षी राबिन, अराफत आणि शिमॉन पेरेस यांना शांततेचं नोबेल मिळालं.

राबिन यांचं श्रेय मी नाकारत नाही. १९६७च्या युद्धातला हा सेनाप्रमुख. १९८८मध्ये संरक्षणमंत्री म्हणून पॅलेस्टिनी उठाव मारहाणीनं मोडायला निघालेला. अशा माणसानं जाहीरपणे वाट बदलली आणि किंमतही मोजली. ४ नोव्हेंबर १९९५ला तेल अवीवच्या शांतता सभेनंतर एका ज्यू अतिरेक्यानंच त्यांना गोळ्या घातल्या.

पण मैत्रिणींनो, त्याच १९८८च्या जानेवारीत जेरुसलेमच्या एका चौकात मूठभर इस्रायली बाया काळे कपडे घालून उभ्या राहू लागल्या. दर शुक्रवारी, तासभर, मुक्यानं. हातात पंजाच्या आकाराची काळी पाटी, तिच्यावर मागणी एकच: ताबा सोडा. जाणारे-येणारे त्यांच्याशी राजकारणावर वाद घालत नसत, चारित्र्यावरून शिव्या देत. हे आपल्याला वेगळं सांगायला नको! मुक्ती संघटनेच्या माणसांना भेटणं हाच तेव्हा इस्रायलमध्ये गुन्हा होता. तो कायदा १९९३च्या जानेवारीत रद्द झाला. म्हणजे जे केल्याबद्दल नेत्याला नोबेल, तेच चार वर्षं आधी करणाऱ्याला तुरुंग.

पलीकडच्या बाजूला तरी काय झालं? १९९१च्या माद्रिद परिषदेपासून पॅलेस्टिनी शिष्टमंडळाची बाजू जगापुढे मांडत होत्या हनान अश्रावी. ऑस्लोची खरी बोलणी मात्र या शिष्टमंडळाला अंधारात ठेवून उरकली गेली.

करार झाला आणि चौकातले बरेच गट घरी परतले. मला खटकतं ते हे. आता मोठी माणसं बघून घेतील, असं वाटणं समजू शकते मी. पण करारात वसाहती, जेरुसलेम, निर्वासित, सीमा, सगळेच कळीचे प्रश्न पुढे ढकललेले होते. राबिन यांच्या काळातही वसाहतींमधली वस्ती वाढतच राहिली. चौकात उभं राहण्याची खरी गरज तेव्हाच होती. २०००मध्ये दुसरा उठाव पेटला आणि ठेवणीतले काळे कपडे पुन्हा बाहेर काढावे लागले.