पहिल्या नंबरचा दुष्ट

इतिहासातला सर्वांत दुष्ट माणूस कोण, यावर पुण्यात वाद रंगला की तो थेट बर्लिन आणि मॉस्कोला पोचतो. हिटलर की स्टालिन? मग कोटींचे आकडे फेकले जातात. घरच्या यादीवर मात्र वाद होत नाही, कारण ती शहराने केव्हाच ठरवून टाकली आहे : आनंदीबाई, घाशीराम कोतवाल आणि रँड. वरखाली कोणाला ठेवायचे एवढाच काय तो मतभेद.

ही नावे यादीत आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष त्याच्या चुलत्यावर, रघुनाथरावावर ठेवला. लोकांनी तो तिथून उचलून त्याच्या बायकोच्या, आनंदीबाईच्या पदरात टाकला. तिने हुकमाच्या चिठ्ठीतले अक्षर बदलल्याची कथा पुराव्यापेक्षा चविष्ट होती. शिवाय कारस्थानी बाई सापडली की पुरुषाचा गुन्हा आपोआप हलका होतो, ही सोय वेगळीच.

घाशीरामाचे प्रकरण याहून बोलके आहे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोतवालीत कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी वीसएक जण गुदमरून मेले. जमावाने कोतवालाला मागितले, सरकारने तो दिला आणि ३१ तारखेला त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. ठीक. पण १७७७ पासून चौदा वर्षे या माणसाला त्या जागेवर ठेवले कोणी? नाना फडणविसांच्या कारभारात त्याच्याविरुद्धची ओरड वाड्यापर्यंत पोचत नव्हती, असे मानायचे काय? विजय तेंडुलकरांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातून हाच प्रश्न रंगमंचावर आणला, तेव्हा शहर खवळले ते नानांची बदनामी झाली म्हणून. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. घाशीरामाची बदनामी झाली, अशी तक्रार घेऊन कोणी आले नाही. दगड मारणाऱ्यांविषयी तर आजही कोणी काही विचारत नाही. पहिला नंबर देण्याचा खरा उपयोग हाच असतो : दुसऱ्यापासून खालचे सगळे सुटतात.

आता रँड. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगात या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घातले. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, सामान जाळले गेले, माणसे छावणीत नेली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. त्याच रात्री मारला गेलेला लेफ्टनंट आयर्स्ट कोणाच्याच यादीत नाही, ना दुष्टांच्या ना बळींच्या. त्याच वर्षी गोखल्यांनी विलायतेत सोजिरांवर स्त्रियांवरील अत्याचारांचे आरोप केले. परतल्यावर ते सिद्ध करता येईनात म्हणून माफी मागितली आणि पुण्याच्या शिव्या खाल्ल्या. संताप खरा होता, पण आरोपाला पुरावा लागतो, हे गोखल्यांना कळले होते.

रँडच्या वीस वर्षे आधी या मुलखावरून आणखी एक साहेब गेला. त्याचे नाव सर रिचर्ड टेंपल. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनने त्याला दक्षिणेत धाडले ते खर्च आवरायला. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरे, असा त्याचा हिशेब. पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्टकरी जगणार नाही असे सांगून विरोध केला. इकडे मजुरांनी कामे सोडली, आणि सार्वजनिक काकांच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात इंग्रजी मुलखात पन्नास लाखांवर माणसे मेली. टेंपल मात्र १८७७ मध्येच मुंबईचा गव्हर्नर झाला आणि पुढे मुंबईत त्याचा संगमरवरी पुतळा बसला.

मेलेल्यांच्या संख्येने मोजले तर रँड टेंपलच्या पासंगालाही पुरत नाही. हेतू विचारला तर दोघांकडे सरकारी उत्तर तयार आहे : एकाला साथ थांबवायची होती, दुसऱ्याला तिजोरी राखायची होती. क्रौर्याने मोजावे, तर टेंपलने कोणाच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. त्याने फक्त तक्ता भरला. त्यातून याच टेंपलने १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून असंख्य जीव वाचवले होते, आणि फार पैसा उधळला म्हणून बोलणी खाल्ली होती. पुढच्या दुष्काळात तो हात आखडता घेऊन आला, तो या अनुभवावरून शहाणा होऊन. आता त्याला कितव्या नंबरवर बसवायचे ते सांगा.

दुष्टपणाचा काटा अजून कोणी घडवलेला नाही, आणि तो नसल्याने आपले काही अडतही नाही. नंबर लावून फक्त तिरस्काराची सोय होते. जो आपल्या घरात शिरला त्याचा चेहरा लक्षात राहतो. ज्याने कागदावर आपला घास कापला त्याचे नावही ठाऊक नसते. त्यामुळे दुष्ट म्हणजे डोळे वटारून बुटांसकट आत येणारा माणूस, अशी आपली समजूत पक्की होते आणि नियमावर बोट ठेवून शांतपणे सही करणारा सज्जनांत गणला जातो. रामशास्त्र्यांनी खुनाची चौकशी केली, तेव्हा रघुनाथराव औरंगजेबापेक्षा वाईट की बरा, हे त्यांना ठरवायचे नव्हते. एक कृत्य, ते कोणी केले, कोणाच्या हुकमाने केले, एवढेच त्यांनी पाहिले. तेवढे काम घाशीराम, नाना आणि जमाव यांच्या बाबतीतही करता येते. नानांच्या मुत्सद्देगिरीला त्याने बाधा येणार नाही.

इतिहासाच्या पुस्तकात रँडच्या शेजारी टेंपलचा तो पौंडही छापावा. फक्त दोघांपैकी अधिक दुष्ट कोण, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारू नये.