चार आण्याचं तिकीट, बारा आण्याची सफारी

आफ्रिकेचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात : सिंह आणि खर्च! सिंह दिसेल की नाही ते नशिबावर, पण खर्चाचं गणित तरी आपल्यासारख्या होऊ घातलेल्या इंजिनिअर्सना जमायला हरकत नाही. तरीही "केनियाला जायचं स्वस्त तिकीट कधी मिळतं?" असं कुणी विचारलं की होस्टेलमधले शहाणे लगेच दोन पार्ट्यांत विभागले जातात. एक पार्टी म्हणते, सहा महिने आधी बुक कर. दुसरी म्हणते, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांब, विमान रिकामं असलं की कंपनी मिळेल त्या भावाला सीट विकते. वर मंगळवारी मध्यरात्री बुक करण्याचा मंत्र सांगणारे महाभागही आहेतच.

माझं स्पष्ट मत असं आहे की प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. आणि प्रश्न चुकला की उत्तर कितीही दशांश स्थळांपर्यंत काढलं तरी मार्क शून्य!

आधी तिकिटाचा भाव ठरतो कसा ते बघू. १९७२ मध्ये ब्रिटिश एअरलाइन बी.ओ.ए.सी.मधल्या केन लिटलवूड यांनी एक साधा नियम मांडला. समजा, एका सीटचं स्वस्त तिकीट २०,००० रुपयांचं आहे आणि तीच सीट नंतर घाईतल्या माणसाला ४०,००० ला विकता येईल. असा माणूस येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल, तर स्वस्तातली विक्री बंद करायची. बस्स, एवढंच! आपण प्रोबॅबिलिटीच्या पेपरात सोडवतो त्यापेक्षा हे गणित अवघड नाही. आज कंपन्यांचे कॉम्प्युटर हेच काम दिवसरात्र करतात. एकाच विमानातल्या सीट्स वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत टाकलेल्या असतात आणि मागणी बघून ते कप्पे उघडतात, बंद होतात. त्यामुळे मंगळवारात काही जादू नाही आणि रिकाम्या सीटची कुणाला दयामाया येत नाही. शेवटच्या आठवड्यात उगवणारा माणूस गरजू असतो, हे कॉम्प्युटरला चांगलं ठाऊक असतं.

आता खरी मेख. मुंबई ते नैरोबी अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर, थेट विमानाने सहा तासांच्या आसपास. या मार्गावर गर्दीच्या दोन लाटा एकमेकींवर चढलेल्या असतात. एक लाट आपली : मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ. दुसरी लाट युरोप-अमेरिकेची : जुलै-ऑगस्ट आणि पुन्हा नाताळ. आपण मुंबईहून थेट जा नाहीतर आखाती देशांतून विमान बदलून जा, या दोन लाटांच्या मधे जिथे खळगा पडतो, तिथेच स्वस्त तिकीट शोधायचं. असे खळगे मुख्यतः दोन : जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत एक, आणि शाळा उघडल्यानंतर जूनच्या उत्तरार्धात दुसरा. एम-थ्रीच्या भाषेत सांगायचं तर हे लोकल मिनिमा!

पण थांबा, बॅग भरू नका. हे झालं फक्त तिकिटाचं. आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला? सफारीचं अगदी तसंच आहे.

मसाई मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्क २०२४ पासून हंगामाप्रमाणे बदलतं. आपल्यासारख्या परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, आणि १ जुलैपासून डिसेंबरअखेर २०० डॉलर! तीन दिवस राहिलात तर फरक झाला ३०० डॉलरचा. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी माणशी साडेपंचवीस हजार रुपये. म्हणजे रात्र-रात्र जागून तिकिटात पाच हजार वाचवायचे आणि ३० जूनऐवजी १ जुलैला गेटवर उभं राहून त्याच्या पाचपट घालवायचे. याला काटकसर म्हणत नाहीत, याला हिशेब न येणं म्हणतात.

तिसरा मसाला पावसाचा. केनियात पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. एप्रिल-मेमध्ये तिथले कॅम्प स्वस्त असतात, काही तर बंदच असतात. का? सिव्हिलवाल्यांनो, हा तुमचा प्रांत. माराची बरीचशी जमीन म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलीच काळी कपाशीची माती, ब्लॅक कॉटन सॉईल. पाणी प्यायली की फुगते आणि गाडीचं चाक धरून ठेवते. नैरोबीहून पाच-सहा तास रस्त्याने जायचं आणि सिंहाऐवजी चिखलात रुतलेला टायर बघायचा!

आणि चौथी गोष्ट, जी सगळेजण विसरतात : पीतज्वराची लस. केनियाहून परतणाऱ्यांकडे आपला विमानतळ लसीचं सर्टिफिकेट मागतो. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पण नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. लस मिळते ती ठरावीक अधिकृत केंद्रांवरच, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. तेव्हा "शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळेल" म्हणणाऱ्या पार्टीला माझा साधा प्रश्न : मिळालं समजा, पण दहा दिवस आणणार कुठून?

या सगळ्याची बेरीज केली की चित्र बदलतं. ज्याच्या पायात कसलीही बेडी नाही, त्याने फेब्रुवारीत जावं. हवा कोरडी, प्राणी पाणवठ्यावर, गेटचा भाव निम्मा आणि विमानात आपल्याकडच्या सुट्टीची गर्दी नाही. पण फेब्रुवारीत आपल्याकडे काय असतं? लेक्चर्स, सबमिशन्स आणि ७५ टक्के हजेरीचा बडगा. म्हणजे ते दार आपल्याला बंद.

इथेच मला खरं टोचतं. स्वस्त तिकीट गरिबाला मिळत नाही, ते सवड असलेल्याला मिळतं. ज्यांच्या सुट्ट्या दुसऱ्यानेच ठरवलेल्या असतात, ते मास्तर, ते बँकेतले क्लार्क, ते शाळकरी पोरांचे आई-बाप, त्यांच्याकडूनच सगळ्यात चढा भाव वसूल होतो. माझी आई शिक्षिका आहे. तिच्यापाशी मे आणि दिवाळी, याखेरीज तारीखच नाही. दिवाळीला जावं तर गेट २०० डॉलर, मेमध्ये जावं तर चिखल. कॉम्प्युटरला तिचा चेहरा दिसत नाही, फक्त तिची अडचण दिसते.

मग अशा घरांनी जाऊच नये का? तसं मुळीच नाही! माझ्या हिशेबात त्यांच्यासाठी जूनचे पहिले दोन आठवडे आहेत. मोठा पाऊस ओसरलेला असतो, गेट अजून १०० डॉलरवर असतं आणि आपल्याकडे शाळा बहुतेक ठिकाणी १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात तर त्याहूनही उशिरा. तिकीट थोडं महाग पडेल, पडू दे. एकूण बेरीज कमीच येईल. आणि फायनल इयरवाल्यांनो, परीक्षा संपणं आणि नोकरीवर रुजू होणं यांच्या मधे जूनचा जो उत्तरार्ध मिळतो, तो आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. तुमच्यासाठी ती खिडकी. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, हजारो विल्डबीस्ट मारा नदीत उड्या घेतात ते दृश्य जुलै ते ऑक्टोबरचं. तेच बघायचं असेल तर २०० डॉलर मोजा आणि कुरकुर करू नका. जूनमध्ये सिंह आणि हत्ती असतात, ते कुठे जात नाहीत. आणि स्वेटर घ्या. नैरोबी विषुववृत्ताजवळ असली तरी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, जूनमध्ये चांगलंच गारठायला होतं.

तात्पर्य काय, "तिकीट स्वस्त कधी?" हा प्रश्न सोडा. कागद घ्या, चार रकाने पाडा : तिकीट, गेट, पाऊस, सुट्टी. चौथा रकाना आधी भरा, कारण तो आपल्या हातात सगळ्यात कमी आहे. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी एखाद्या एअरलाइनसाठी भाव ठरवणारं सॉफ्टवेअर लिहायला बसलंच, तर सुट्टीच्या तारखांपुढे ज्यादा भाव टाकताना क्षणभर थांबा. त्या तारखांना तिकीट काढणाऱ्यांत तुमचे मास्तरही असतील.