रुग्णसेवेचे हात

भांडुप येथील महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात, डिसेंबर २०२१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने चार बालके दगावली. जंतुसंसर्ग हे कारण त्या वेळी सांगण्यात आले, आणि विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले. त्या मृत्यूंचा दोष कोणाच्या हातांवर ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रुग्णालयातील जंतू बहुधा माणसांच्या हातांवरूनच एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात, हे भांडुपकरांनी तरी विसरता कामा नये. म्हणूनच परिचारिकांनी नखे रंगवावीत काय, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

हातावरील जंतूंचा मोठा साठा नखांखाली असतो, आणि धुण्याने तो पुरता जात नाही. नुकताच लावलेला, अखंड रंग जंतू वाढवितो असे सिद्ध झालेले नाही; टवके उडालेल्या रंगावर मात्र ते अधिक टिकतात. लांब आणि कृत्रिम नखांविषयीचा पुरावा याहून बळकट आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरी १९९७-९८ साली अशाच एका विभागात ४६ अर्भकांना स्यूडोमोनास जंतूंची बाधा झाली आणि त्यांपैकी १६ दगावली. तपासात दोन परिचारिकांशी या साथीचा संबंध जोडला गेला. एकीची नखे स्वतःचीच पण लांब होती, दुसरीची कृत्रिम. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली नखे आखूड ठेवावीत व कृत्रिम नखे लावू नयेत, असे बजावले.

तेव्हा रुग्णाला स्पर्श करणाऱ्याची नखे आखूड, स्वच्छ आणि बिनरंगी असावीत, असेच आमचे मत आहे. रंगाविरुद्धचा पुरावा अपुरा असला, तरी सकाळचा अखंड रंग वारंवार हात धुतल्यावर दुपारी तसाच राहील, याची हमी कोण देणार? शिवाय रंगाआडचा मळ दिसतही नाही. नखाने तुटते त्याला कुऱ्हाड लावण्याची पाळी आणू नये, हेच शहाणपणाचे.

मात्र हा नियम केवळ परिचारिकांच्या माथी मारला जाऊ नये. १८४७ साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांना आढळले की, सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टर व विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी अधिक मरत होत्या. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन ही मंडळी प्रसूतिकक्षात येत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे होताच मृत्यू झपाट्याने घटले. पांढरा डगला घातल्याने हात शुद्ध होत नाहीत, हा धडा डॉक्टरांपासून आयाबाईंपर्यंत सर्वांनाच लागू आहे.

आणि प्रशासनाचे काय? औषधी द्रवाने हात चोळण्यास वीस ते तीस सेकंद लागतात, साबणाने धुण्यास चाळीस ते साठ. हे प्रत्येक रुग्णापूर्वी व रुग्णानंतर व्हावयाचे, तर खाटेशेजारी द्रवाची बाटली हवी, नळाला पाणी हवे आणि परिचारिकांची संख्याही पुरेशी हवी. एकीच्या माथ्यावर अनेकींचे काम टाकून तिची नखे तपासीत बसणे, याला व्यवस्था म्हणत नाहीत. महापालिकेने नखांचा नियम अवश्य करावा. पण त्याच आदेशात साबण, पाणी आणि मनुष्यबळ यांची जबाबदारी कोणावर, हेही नावानिशी लिहावे.